अंधार राखण्याचं शिक्षण

मराठी रंगमंचावर प्रोजेक्शन आलं ते रंगवलेल्या पडद्याच्या रिकाम्या जागेत. महानाट्य असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की गणेशोत्सवातला कार्यक्रम, मागे एलईडी वॉल उभी राहते. तिच्यावर आधी राजवाडा येतो, मग जंगल, मग समुद्र, आणि शेवटी फडफडता भगवा किंवा तिरंगा. पूर्वी जंगलाचा पडदा वर जाऊन राजवाड्याचा पडदा खाली यायचा. आता तेच काम लॅपटॉपची एक कळ करते. काम तेच राहिलं, फक्त दोरी ओढणारा माणूस गेला. या चित्रांपुढे उभा असलेला नट बहुतेक वेळा काळा ठिपका दिसतो, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि आयोजक खूश असतो. नाट्यशास्त्राच्या एखाद्या नव्या विद्यार्थ्याला प्रोजेक्शन डिझाइन शिकावंसं वाटलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे नमुना असतो तो हाच. हा नमुना बाजूला ठेवून त्याने सुरुवात प्रकाशापासून, आणि त्याहून जास्त अंधारापासून करावी, असं मला म्हणायचं आहे. असा विद्यार्थी मुकुटबनसारख्या गावातून येत असेल तर त्याचं काही फार मोठं नुकसान झालेलं नाही, हेही मी याच युक्तिवादातून मांडणार आहे.

मुकुटबन यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला, झरी जामणी तालुक्यात. जवळचं मोठं गाव वणी, आणि वणी म्हटलं की कोळसा. खाली पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. जमिनीत चुनखडी, म्हणून 2022 साली इथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. आजूबाजूला कपाशीची शेतं आणि कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या. दिवाळीत नदीपल्याडच्या राजगोंडांची दंडारी आणि गुसाडी निघते. मोरपिसांचे मोठे टोप घालून नाचणारी ती मंडळी या भागाला परकी नाहीत. पूर्वेला चंद्रपूर, आणि त्यापुढे दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटक करणारी झाडीपट्टी, जिच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. प्रोजेक्शन शिकवणारा वर्ग इथे नाही, हे सांगायलाच नको. पण तो पुण्या-मुंबईतही स्वतंत्र विषय म्हणून अजून नीट रुजलेला नाही. नाटकाच्या अभ्यासक्रमात नेपथ्य असतं, प्रकाशयोजना असते. प्रक्षेपण या दोघांच्या मधल्या फटीत कुठेतरी अंग चोरून बसतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयात वेंडल हॅरिंग्टन यांच्यासारख्या अनुभवी कलावतीने हा विषय स्वतंत्रपणे शिकवायला घेतला, त्यालाही जेमतेम दीड दशक झालं. म्हणजे या विषयात मुकुटबनचा विद्यार्थी इतरांच्या फार मागे नाही. सगळेच जवळजवळ आरंभरेषेवर आहेत.

तरीही आपल्याकडे या कलेला पूर्वज नाहीत असं मानायचं कारण नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करत आली. दिवा मागे, पडदा पुढे, मधे रंगीत पारदर्शक बाहुली. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतरचा पूर्वज कल्याणचा. मुंबईतल्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्याच्याही आधी, त्याच दशकात, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आपल्या मुलांना घेऊन 'शांबरिक खरोलिका' दाखवत होते. काचेवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रं, एकाहून जास्त दिवे, एका चित्रावर दुसरं चित्र चढवून किंवा चटकन बदलून निर्माण केलेला हालचालीचा भास, आणि सोबत निवेदन व गाणं. सिनेमाचा पूर्वज म्हणून या खेळाची आठवण निघते, ते योग्यच आहे. पण नाटकवाल्याने तो वेगळ्या कारणासाठी अभ्यासायला हवा. तिथे चित्र एकटं काम करत नव्हतं. बोलणारा माणूस अंधारात जिवंत हजर होता, चित्राची लय त्याच्या श्वासाला बांधलेली होती, आणि तो थांबला की काचही थांबत असणार. पाठीमागे व्हिडिओ लावून नटाला त्याच्या वेगाने पळवणाऱ्या आजच्या कित्येक कार्यक्रमांपेक्षा कल्याणचा तो खेळ नाटकाच्या जास्त जवळचा होता.

आता थोडं गणित. हा विषय गणिताशिवाय भाबडा राहतो. प्रोजेक्टरचा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो पडद्यावर पसरला की दर चौरस मीटरला किती पडतो ते लक्समध्ये. जिल्हा परिषदेच्या डिजिटल वर्गात असतो तसा 3000 ल्युमेनचा प्रोजेक्टर 15 बाय 10 फुटांच्या पडद्यावर टाकला, तर साधारण 215 लक्स मिळतात. तोच 30 बाय 15 फुटांवर ताणला तर 72 च्या आसपास. आता नटाच्या चेहऱ्यासाठी लावलेल्या दिव्यांचा उडालेला उजेड मागच्या पडद्यावर 50 लक्स पडतो असं धरू. म्हणजे चित्रातला काळा भाग मुळात काळा नाहीच, तो 50 लक्सचा राखाडी आहे, आणि पांढरा भाग 122 चा. दोहोंत अडीच पटीचंही अंतर नाही. चित्र धुतल्यासारखं दिसतं ते यामुळे. इथे बहुतेक जण दुप्पट ताकदीचा प्रोजेक्टर मागवतात. त्याने हे प्रमाण चारपटीच्या आसपास जातं, खर्च मात्र भलताच वाढतो. दुसरा मार्ग असा: प्रोजेक्टर तोच ठेवायचा, समोरचे दिवे काढून नटाला बाजूने, विंगेतून उजेड द्यायचा, त्याला पडद्यापासून सात-आठ फूट पुढे आणायचं, दिव्यांना काळ्या पत्र्याच्या झडपा लावायच्या. उडालेला उजेड 50 वरून 5 लक्सवर आला, तर त्याच जुन्या प्रोजेक्टरवर प्रमाण पंधरापट होतं. पैसे टाकून चारपट, अंधार राखून पंधरापट. या विषयाचा पहिला धडा हा असायला हवा, आणि त्यासाठी लागतो तो एक फोनमधला लक्समापक, काळं कापड आणि प्रकाशयोजनाकाराशी भांडण न करण्याची तयारी. फोनचं माप काटेकोर नसतं, पण तुलनेपुरतं पुरतं.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे एलईडी वॉल. तिला अंधार लागत नाही, दिवे कितीही लावा, चित्र लखलखीतच. मग प्रोजेक्टरच्या या रडगाण्यात विद्यार्थ्याने वेळ का घालवावा? आक्षेप वजनदार आहे, कारण तो बाजाराचा आहे. पण त्याचंही उत्तर आकड्यातच मिळतं. पृष्ठभागावरून डोळ्यापर्यंत येणारा उजेड निटमध्ये मोजतात. 500 लक्स उजेडात उभ्या असलेल्या नटाच्या चेहऱ्यावरून जेमतेम 50 निट परततात. मंडपातली एलईडी वॉल सहज 800 निटची असते, उघड्यावर वापरायची त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे पाठीमागचं चित्र चेहऱ्यापेक्षा सोळापट उजळ. डोळा नेहमी सगळ्यात उजळ गोष्टीशी जुळवून घेतो, त्यामुळे नट काळवंडतो. त्याला वाचवायला दिवे वाढवले की रंगमंच लग्नाच्या मांडवासारखा होतो. उलट 72 लक्सचं प्रोजेक्शन पांढऱ्या पडद्यावरून सुमारे 20 निट देतं, चेहऱ्यापेक्षा कमी. नाटकात हाच क्रम हवा: आधी माणूस, मग चित्र. एलईडी वॉल मंद करता येते हे खरं आहे, आणि जाणते लोक ती दहा टक्क्यांवर चालवतातही. पण ती मंद करायची हे कळण्यासाठी आधी मंद चित्राचं मोल कळावं लागतं, आणि ते गरीब प्रोजेक्टर जास्त चांगलं शिकवतो.

त्याहूनही गरीब साधनापासून सुरुवात करता येईल. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत अडॉल्फ लिनेबाख या रंगतंत्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक दिवा आला. आतून काळी केलेली पत्र्याची पेटी, आत एक प्रखर दिवा, पुढे रंगवलेली काच. भिंग नाही. काच दिव्यापासून एक फुटावर आणि पडदा बारा फुटांवर असेल, तर आठ इंचांचं चित्र आठ फुटांचं होतं. दिवा जितका बारीक तितकी रेघ धारदार. एक सेंटिमीटरचा दिवा असेल तर याच मांडणीत कडा अकरा सेंटिमीटर पसरतात. मुकुटबनमध्ये वेल्डिंग करणारा कुणीही अशी पेटी एका दुपारी करून देईल. काचेच्या जागी उष्णता सोसणारी पारदर्शक शीट, तिच्यावर मार्कर, कापलेली पानं, पाण्याचा थेंब. हे खेळणं वाटेल, पण एखादी कड पसरू द्यायची की धारदार ठेवायची, हा निर्णय हाताने घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे संगणकावर 'ब्लर'चा आकडा बदलताना आपण काय करतो आहोत ते कळतं. रिझोल्युम, क्यूलॅब, मॅडमॅपर ही सॉफ्टवेअरची नावं पाठ असून उपयोग नाही असं मी म्हणत नाही. नोकरीच्या दारात तीच विचारली जातात. पण ती काही महिन्यांत शिकता येतात आणि काही वर्षांत जुनी होतात.

उजेडावर एवढी भिस्त ठेवायची ती कशाच्या बळावर, असं कुणी विचारलं तर कोळशाच्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला कोळशाचंच उदाहरण द्यावं. 1959 च्या डिसेंबरअखेर कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांनी 'अंगार' उभं केलं. खाणीतल्या दुर्घटनेचं नाटक, संगीत रविशंकरांचं, प्रकाशयोजना तापस सेन यांची. शेवटी खाणीत पाणी चढत जातं आणि अडकलेले मजूर बुडतात, हे दृश्य सेन यांनी पाण्याचा थेंब न वापरता केवळ उजेडाने घडवलं. त्याच वर्षी 'सेतू' नाटकात त्यांनी रंगमंचावरून आगगाडी धडधडत गेल्याचा भास निर्माण केला. तेव्हा त्यांच्या हाताशी व्हिडिओ प्रोजेक्टर नव्हता. त्या काळीही काही समीक्षक कुरकुरले की उजेडाने नाटक खाल्लं, आणि ती कुरकुर अगदीच चुकीची नव्हती. लोक गाडी बघायला येऊ लागले की नट दुय्यम होतो. मला तापस सेन यांच्यात मोलाचं वाटतं ते चमत्कारापेक्षा त्यामागचं निरीक्षण. पाणी दाखवायचं तर पाणी काय करतं ते बघावं लागतं. ते अंगावर चढतं, जागा लहान करतं, उजेड गिळतं. वणीच्या परिसरात खाणीचं पाणी, धूळ, रात्रपाळीचे दिवे रोज बघणाऱ्या मुलाकडे या निरीक्षणाचं भांडवल शहरातल्या मुलापेक्षा जास्त आहे. धूळ तर हवेतला प्रकाशझोत दिसायला मदत करते. प्रोजेक्टरचा फिल्टर मात्र दर आठवड्याला झटकावा लागेल.

पण भास निर्माण करणं हे प्रक्षेपणाचं एक काम झालं. त्याहून मोठं काम म्हणजे रंगमंचावरच्या माणसाशी वाद घालणं. बर्लिनमध्ये दिग्दर्शक एर्विन पिस्काटोरने 1925 साली 'ट्रोट्झ आलेडेम' या प्रयोगात पहिल्या महायुद्धाची खरीखुरी चित्रफीत पडद्यावर दाखवली. 1927 मध्ये नाटककार टोलरच्या 'होप्ला, वीर लेबेन' साठी मजल्यांची चौकट उभी करून तिच्यावर फिल्म टाकली. नट एक सांगतो, चित्र त्याच्या मागचा इतिहास सांगतं, आणि प्रेक्षक दोहोंच्या मधे पडतो. चेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा आणि दिग्दर्शक आल्फ्रेड रादोक यांनी 1958 च्या ब्रसेल्स प्रदर्शनात 'लातेर्ना मागिका' दाखवलं, त्यात नट आणि त्याची पडद्यावरची प्रतिमा एकमेकांशिवाय अपुरी राहतील अशी रचना होती. आपल्याकडे फिरोज अब्बास खान यांच्या 2016 मधल्या 'मुघल-ए-आझम' या संगीतिकेसाठी जॉन नॅरन यांनी प्रक्षेपण केलं, आणि भारतातल्या निर्मात्यांना या कामासाठी वेगळा माणूस लागतो हे निदान दिसलं. तिथलं वैभव मात्र बहुतेक स्थळाचं होतं, महाल नि शीशमहाल यांचं. ते अप्रतिम असेल, पण विद्यार्थ्याने त्यातून उचलावं ते कमी.

त्याच्या स्वतःच्या भागातलं एक उदाहरण जास्त अवघड प्रश्न विचारतं. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं 'तेरवं' हे शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायांचं नाटक. त्यात अशा कुटुंबांतल्या स्त्रियाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या वैशाली येडे यांच्या हस्ते 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. आता अशा नाटकात मागे करपलेल्या कपाशीचा, फाटलेल्या सातबाऱ्याचा, बातम्यांच्या कात्रणांचा व्हिडिओ लावावा का? पिस्काटोरचा पुरावा नटाच्या मागे उभा राहत होता, कारण नट हा नट होता. इथे पुरावाच रंगमंचावर उभा आहे. त्या बाईच्या मागे छायाचित्र लावणं म्हणजे तिच्या शब्दावर आपला विश्वास नाही, असं सांगण्यासारखं आहे. प्रक्षेपणकाराने कोणत्या क्षणी प्रोजेक्टरवर झाकण टाकायचं हेही त्याचंच डिझाइन आहे. झाकणच म्हणतो मी, कारण प्रोजेक्टरचा काळा रंगसुद्धा अंधारात राखाडी चौकोन पाडतो, आणि हा चौकोन कित्येक प्रयोगांत कुणी बंद करत नाही.

अभ्यासाला संहिता हवी असेल तर ती जिल्ह्यातल्याच लेखकाची आहे. महेश एलकुंचवार यांचा जन्म 1939 चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या परव्याचा. त्यांचं 'वाडा चिरेबंदी' विजया मेहतांनी 1985 मध्ये केलं. पुढचे दोन भाग, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', जोडून सलग त्रिनाट्यधारा चंद्रकांत कुलकर्णींनी 1994 मध्ये उभी केली. पहिल्या भागात अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे, वेळ विचारणारी दादी आहे, सिनेमाने झपाटलेली रंजू आहे. नवशिक्याचा हात इथे सुटतो: ढासळत्या वाड्याचा व्हिडिओ, दादीसाठी मोठं घड्याळ, रंजूसाठी हिंदी गाणी. तिन्ही वाईट, कारण तिन्ही गोष्टी संवादात आधीच आहेत. दादीला वेळ दिसत नाही हेच तर तिचं दुःख आहे. तिला घड्याळ दाखवलं की प्रश्न मेला. माझ्या मते पहिल्या भागात प्रोजेक्शनला जागाच नाही. 'युगान्त'मध्ये, जिथे दुष्काळाने सगळा परिसर ओसाड झालाय आणि वाडा जवळजवळ उरलेला नाही, तिथे पोतेऱ्याच्या भिंतीवर इतका मंद बदल टाकता येईल की प्रेक्षकाला तो अंक संपल्यावर कळावा. कुणी याच्या उलट पटवून दिलं तर मला आवडेल. संहितेवरून असा वाद घालता येणं हीच प्रवेशपरीक्षा असावी.

या सीमाभागात प्रक्षेपणाला आणखी एक काम आहे, आणि ते चित्राचं नाहीच. झरी जामणीत मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलली जाते. कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, बाकीचे दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामी पात्र नाटकात येतं तेव्हा त्याला मोडकं मराठी बोलायला लावून हशा पिकवायचा, ही आपली जुनी खोड. पडद्यावर देवनागरीत दोन ओळी आल्या तर तो माणूस पोडात बोलतो तसंच रंगमंचावर बोलू शकेल. नाटककार ब्रेश्टने प्रक्षेपित मथळे वापरून प्रेक्षकाला पुढे काय घडणार ते आधीच सांगितलं, आणि त्याने नाटक कोरडं झालं नाही. ओळ नटाच्या डोक्याजवळ हवी की वरच्या झालरीवर, ती किती सेकंद टिकावी, विनोदाची ओळ नटाच्या आधी उघडी पडली तर हशा कुणाचा, हे सगळे निर्णय अस्सल रंगमंचीय आहेत. 3000 ल्युमेनला हे काम अगदीच हलकं आहे.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण परतवता येत नाही. तो म्हणजे हे सगळं करून शेवटी नाटकाचा सिनेमा होतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 2016 मधल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात महाराष्ट्राच्या जत्रांतल्या तंबू टॉकीज दिसतात. रिळं जाऊन डिजिटल आलं, आणि यंत्राला हात लावून त्याची नाडी ओळखणारी माणसं निरुपयोगी झाली. रंगमंचावर तेच घडू शकतं. एकदा व्हिडिओला वेळ बांधली की नटाची तारांबळ उडते, आणि कुठल्याही रात्री प्रयोग कालच्यासारखाच होतो. यावर उतारा एवढाच की चित्र नटाच्या मागे चालावं: ठरावीक लांबीची फीत न लावता तुकडे करावेत, आणि प्रत्येक तुकडा नटाच्या शब्दावर माणसाने सोडावा. त्याने धोका कमी होतो, जात नाही. रंगवलेल्या पडद्यांच्या चित्रकारांचं काय, हाही प्रश्न असतो. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि बाबूराव पुढे स्वतः कॅमेऱ्याकडे वळून 1920 मध्ये 'सैरंध्री' घेऊन आले. हात सरावलेला चित्रकार काचेवर, शीटवर, टॅबवरही चित्र काढतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या जंगलापेक्षा त्याचं जंगल कधीही बरं. झाडीपट्टीच्या पडदेकारांना प्रक्षेपणात ओढणं हे एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला शोभेल असं काम आहे.

राहिला पोटाचा प्रश्न. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे. तिथे नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना पारितोषिकं मिळतात, पण प्रक्षेपण करणाऱ्याचं नाव बहुतेक जाहिरातींत येतच नाही. म्हणून सध्या तरी तालुक्याच्या गावी हे काम मिळणार ते बिछायत केंद्राच्या मालकाकडून, ज्याच्याकडे एलईडीचे चौकोन, जनरेटर आणि शारदोत्सवापासून शंकरपटापर्यंतच्या तारखा असतात. विद्यार्थ्याने त्याच्याशी जमवून घ्यावं. पहिल्या हंगामात त्याच्याकडून एवढीच एक गोष्ट मान्य करून घ्यावी की नाटक चालू असताना वॉल दहा टक्क्यांवर राहील आणि समोरच्या चहाच्या टपरीची ट्यूबलाइट पडदा उघडल्यावर विझेल. पूर्ण चंद्राचा उजेड फार तर पाव लक्स असतो, त्याचा काही त्रास नाही.